राणीच्या बागेतली शिट्टी

लहान मूल बरोबर घेऊन प्राणी पाहायला गेले की प्राणी कमी आणि मूलच जास्त पाहिले जाते. हे आम्हाला आधीच ठाऊक होते. पण मुलाकडे रोज पाहत असूनही आपल्याला काय दिसलेले नसते, हे मात्र आम्हाला त्या रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत कळले. त्या दिवसाची ही हकीकत आहे. घराघरात लहान मुले आहेत, म्हणून ती सांगावीशी वाटते.

आम्ही मुंब्र्याला राहतो. घरात आम्ही दोघे, मुलांची दादी, दुसरीत शिकणारी मुलगी आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा. दादी त्याला ‘छोटे मियाँ’ म्हणतात, म्हणून सारी इमारत त्याला त्याच नावाने हाक मारते. मुलीच्या शाळेत कोणीतरी पेंग्विन पाहून आले होते. तेव्हापासून आठवडाभर घरात एकच धोशा लागला होता, “अब्बा, पेंग्विन कधी?” शेवटी जानेवारीतला एक रविवार ठरला. आदल्या रात्री तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, खिमा झाला, अंडी उकडली. जोहरच्या आत बाग पाहून संपवायची, मग कुठेतरी बसून डबा खायचा आणि असरपर्यंत घरी परतायचे, असा बेत होता.

एक गोष्ट मात्र त्या डब्याबरोबर आम्ही मनात बांधून नेली होती. छोटे मियाँ बोलत नव्हते. ‘आ’, ‘ओ’, ‘बा’ एवढेच आवाज त्याच्या तोंडून निघत. त्याच्या वयाची शेजारची मुलगी “पाणी दे”, “खाला आली” असे दोन-दोन शब्द जोडू लागली होती. विचारावे त्याच्याकडे उत्तर तयार असे. मुलगे उशिराच बोलतात. याचे अब्बाही चार वर्षांचे होईपर्यंत मुकेच होते. घरात मोबाइल फार आहे. मोठी बहीण याच्या वाटचे बोलते, मग हा कशाला तोंड उघडेल? यातले प्रत्येक उत्तर आम्हाला थोडे थोडे पटायचे, कारण त्यातल्या कोणत्याही उत्तरासाठी डॉक्टरांकडे जावे लागत नव्हते.

ऐकू येते का, अशी शंका मनाला शिवली नव्हती असे नाही. पण दार आपटले की तो दचकायचा. लग्नातला ढोल वाजला की नाचायचा. अब्बांनी जवळ बसून हाक मारली की वळायचा. मग ऐकू येतेच की! अम्मीच्या आणि बहिणीच्या हाकांना तो दाद देत नसे. त्याचे नाव आम्ही ‘हट्टी’ असे ठेवले होते.

भायखळ्याच्या वाटेवर

मुंब्र्याहून धीमी लोकल पकडली की तासाभरात भायखळा येते. रविवार असल्याने बसायला जागा मिळाली. छोटे मियाँ खिडकीशी उभे राहिले आणि गाडीने वेग घेतला तसे दोन्ही तळवे पत्र्याला टेकवून गाडीबरोबर “ऊऊऊ” असा सूर लावू लागले. डब्यातले लोक हसले. दादी मात्र त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत.

स्टेशनच्या पूर्वेला उतरले की बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाचे एकत्रित तिकीट आम्ही गेलो तेव्हा १०० रुपयांना होते आणि दादींचे वेगळे ५० रुपयांचे. दर बुधवारी बाग बंद असते, हे लांबून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. फाटकावर पिशव्या पाहतात, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवलेल्या बऱ्या.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया गार्डन होते. इंग्लंडच्या राणीवरून लोक तिला राणीची बाग म्हणू लागले. पुढे तिला शिवरायांच्या मातोश्रींचे, वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले, पण लोकांच्या तोंडी राणीची बागच राहिली. प्राण्यांइतकीच ही बाग झाडांसाठी पाहण्यासारखी आहे. शंभर वर्षांच्या पुढची झाडे इथे आहेत. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचे खोड पाहून मुलीने विचारले, “दादी, हे झाड जेवते तरी किती?”

पेंग्विनच्या दालनात आधी गेलो, कारण गर्दी वाढली की तिथे रांग लागते. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहायला मिळू लागले. पेंग्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. हे पेंग्विन मात्र मूळचे पेरू आणि चिली या देशांच्या खडकाळ किनाऱ्यावरचे. तरीही मुंबईचा उकाडा त्यांना सोसणारा नाही, म्हणून काचेआड गारवा राखलेला असतो. मुलगी आनंदाने ओरडत होती. छोटे मियाँ काचेला गाल चिकटवून गप्प उभे होते. पाण्यात एक पेंग्विन सुळकन पुढे गेला की हाही काचेच्या कडेने धावायचा.

पुढे पाणघोड्याचे तळे लागले. आम्ही कठड्याशी पोहोचलो, तोच पाण्यातून डोके वर काढून त्याने एक जाडसर हुंकार दिला. छोटे मियाँ अब्बांच्या खांद्यावर उडालेच! दोन्ही हात वर करून त्यांनी तसाच “ओंऽऽ” असा आवाज काढला. पाणघोडा पुन्हा हुंकारला आणि यांनी पुन्हा उत्तर दिले. आजूबाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला इतका आनंद झाला की आमच्यापैकी एकाच्या डोळ्यांत पाणीच आले. मूल काहीतरी बोलत होते, मग ते पाणघोड्याशी का असेना.

शिट्टी

हरणांच्या बाजूला गेल्यावर आम्ही त्याला खाली सोडले. हरणांना कोणी खाऊ घालू नये म्हणून आतल्या कुंपणापुढे आणखी एक बुटके कुंपण असते. दुपारची गर्दी वाढली होती. पाण्याची बाटली काढेपर्यंत छोटे मियाँ त्या बुटक्या कुंपणावर चढून पलीकडे पाय टाकत होते. वीसेक पावलांवर उभ्या असलेल्या रखवालदाराने शिट्टी फुंकली. कर्कश, लांबलचक. तिथे असतील नसतील ती सगळी मुले दचकून वळली. दोघा-तिघांनी कानांवर हात ठेवले. छोटे मियाँ वळले नाहीत. रखवालदाराने दुसरी शिट्टी मारली, अम्मीने ओरडून हाक मारली, बहीण किंचाळली. तो आपला दुसरा पाय उचलतच होता.

आम्ही धावलो, त्याला ओढून घेतले आणि आमच्यापैकी एकाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. कोणी, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्यानेही हात अडवला नाही. “किती हाका मारायच्या? कान फुटलेत का?” हे वाक्यही आमच्याच तोंडचे आहे. तो रडला नाही. त्याने वळून आधी मारणाऱ्याकडे पाहिले, मग अम्मीकडे, मग दादीकडे. आपण काय केले, हेच त्याला कळलेले नव्हते.

दादी म्हणाल्या, “पुन्हा हात लावू नका त्याला. द्या माझ्याकडे.”

बागेत आत चालत जाता येईल असा एक मोठा पक्ष्यांचा पिंजरा आहे. जाळी इतकी उंच की आत झाडे वाढलेली आहेत आणि पक्षी डोक्यावरून उडत जातात. आम्ही आत गेलो तेव्हा चहूकडून चिवचिवाट, किलबिलाट चालू होता. मुलीला तर कुठे पाहू आणि कुठे नको असे झाले होते. दादी मात्र एका जागी थांबल्या. त्यांनी नातवाला खाली उभे केले आणि त्याच्या मागे जाऊन, त्याला दिसणार नाही अशा बेताने, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवला. तो वळला नाही. त्यांनी जरा जोरात वाजवला. नाही. मग जीभ टाळ्याला लावून चुटचुट केले. नाही. मग घसा खाकरून, जाडा आवाज काढून, घरात कोंबडीला हुसकावतात तशी “होऽऽ” अशी आरोळी दिली. तो झटकन मागे वळला आणि हसला.

दादींनी हे तीनदा केले. तिन्ही वेळा तेच घडले. जाळीखाली शेकडो पक्षी गात होते आणि आमचे मूल त्या किलबिलाटात एखाद्या रिकाम्या खोलीत उभे असल्यासारखे उभे होते.

काळा हत्ती

परतीच्या वाटेवर डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचे ठरवले, पण उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथेच राहिले आणि १९१४ मध्ये जोडून तो पुन्हा उभा केला गेला. मुलीला हे सांगितले, तशी ती म्हणाली, “म्हणजे त्याला जायचेच नव्हते!” एरवी दादींनी लगेच अब्रहाच्या फौजेतल्या हत्तीची गोष्ट सुरू केली असती. काबागृहाकडे पाऊल टाकायला तयार न झालेल्या त्या हत्तीची गोष्ट त्या फार रंगवून सांगतात. त्या दिवशी मात्र त्या जवळच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “जाड आवाज येतो याला. बारीक येत नाही. गाडीचा आला, पाणघोड्याचा आला. शिट्टीचा नाही आला, पाखरांचा नाही आला. तुझा आवाज बारीक आहे गं बेटी, म्हणून तुझ्या हाकेला ओ देत नाही. हट्टी नाही तो.”

थोड्या वेळाने त्या पुन्हा बोलल्या. एक उंट प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहून रडू लागला होता, ती हदीस त्यांनी आठवण करून दिली. प्रेषितांनी (स.) त्या उंटाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याचा मालक कोण ते विचारले आणि त्याला समज दिली की, हे जनावर तुझ्या ताब्यात दिले आहे, त्याच्याबाबत अल्लाहचे भय बाळग; तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवतोस. “मुक्या जनावराचे डोळे पाहून त्यांना कळले,” दादी म्हणाल्या, “आणि आपण घरातल्या लेकराला मारतो.” हे बोलताना त्यांनी ‘तुम्ही’ म्हटले नाही, ‘आपण’ म्हटले. “बाप चार वर्षांनी बोलला, असे सगळ्यांना मीच सांगत फिरत होते,” असेही त्या म्हणाल्या.

डबा न उघडताच घरी परत आला.

तपासणी

पुढच्याच आठवड्यात आम्ही वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत गेलो. ही केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण यांच्या अडचणींवर काम करते. तिथे बोलता न येणाऱ्या मुलाचे कान तपासतात तरी कसे, हा आमचा पहिला प्रश्न होता. कळले ते असे की, मुलाने काही सांगण्याची गरजच नसते. एका तपासणीत कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद यंत्र टिपते. दुसरीत, जिला बेरा म्हणतात, मूल झोपलेले असताना डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूच्या वाटेवर पोहोचतो की नाही ते पाहतात. दुखत नाही, टोचत नाही.

निकाल ऐकून आम्ही दादींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. खालच्या पट्टीचे आवाज मुलाला बऱ्यापैकी येत होते, वरच्या पट्टीचे जवळजवळ येतच नव्हते. स, श, फ, त ही अक्षरे वरच्या पट्टीतली. ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. आमचे बोलणे त्याला भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखे येत होते. सूर कळायचा, शब्द कळायचे नाहीत. आणि जो शब्द कानात शिरत नाही, तो तोंडातून येणार कसा?

आमचे लग्न नात्यातले आहे का, हेही डॉक्टरांनी विचारले. आहे. आमच्याकडे मामे-चुलत भावंडांची लग्ने नवी नाहीत. त्यांनी सांगितले की जन्मजात बहिरेपणाला पुष्कळदा दोन्ही बाजूंनी आलेला एकच दोष कारणीभूत असतो. आई आणि बाप दोघांचे कान धड असतात, पण दोघांकडून तोच दोष मुलात उतरला तर तो प्रकट होतो. जवळच्या नात्यात अशी शक्यता वाढते. आमच्या मुलाचे कारण तेच आहे असे नक्की ठरलेले नाही. पण घरात “हे कोणाकडून आले” असा वाद सुरू होण्याआधीच तो मिटला, हे बरे झाले. असा दोष आला तर तो दोघांकडून येतो, मग बोट कोणाकडे दाखवणार?

आम्हाला सर्वांत जास्त बोचली ती दुसरीच गोष्ट. मूल जन्मले तेव्हा त्याच्या उजव्या कानात अब्बांनी अजान दिली होती. हळू, कुजबुजत्या आवाजात, बाळ दचकू नये म्हणून. ती त्याच्यापर्यंत पोहोचली असेल का, हा विचार आम्हाला बरेच दिवस झोपू देत नव्हता. ज्या दिवशी दोन्ही कानांमागे छोटी यंत्रे बसली, त्या संध्याकाळी दादी म्हणाल्या, “घे त्याला मांडीवर आणि दे पुन्हा.” अब्बांनी दिली. छोटे मियाँ पहिल्या तक्‌बीरला स्तब्ध झाले, दुसरीला अब्बांच्या ओठांवर बोट ठेवले आणि अजान पूर्ण होण्याआधी डाव्या कानाचे यंत्र उपटून तोंडात घातले. अल्लाहने ऐकणारा कान दिला तरी तो वापरायला शिकवावे आपल्यालाच लागते, हे आम्हाला त्या दिवशी समजले.

वाचकांना विनंती

आम्ही डॉक्टर नाही. पण जे आमच्याकडून राहून गेले, ते तुमच्याकडून राहू नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

बाळ जन्मले की पहिल्या महिन्याच्या आत त्याची श्रवण तपासणी करून घ्या. अनेक इस्पितळांत ती होते, आपणहून विचारायची मात्र तयारी हवी. आम्ही विचारले नव्हते. दोष निघाला तर तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण वाट लांबते.

सहा महिन्यांचे मूल आवाजाच्या दिशेने मान वळवते. वर्षाचे मूल स्वतःच्या नावाला ओ देते आणि एखाद-दुसरा शब्द बोलते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते. असे होत नसेल तर शेजारणीला नव्हे, कानाच्या डॉक्टरांना विचारा.

दार आपटल्यावर दचकतो म्हणजे ऐकू येते, असे समजू नका. ऐकू येणे म्हणजे दिव्याचे बटण नव्हे, की एक तर चालू नाही तर बंद. काही आवाज येतात, काही येत नाहीत. मुलाच्या पाठीमागून, त्याला दिसणार नाही असे, हळू आणि बारीक आवाज करून पाहा. आणि घरातली तपासणी ठीक वाटली तरी शंका असेल तर यंत्राची तपासणी कराच.

खर्चाच्या धास्तीने थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते, त्यात जन्मजात बहिरेपणही येते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मोफत किंवा सवलतीत मिळू शकते. आणि यंत्र लावलेले मूल पाहून “बिचारा” म्हणू नका. चष्मा लावणाऱ्याला आपण तसे म्हणत नाही.

पुन्हा एकदा बाग

यंत्रे बसल्याला सात महिने झाले. दर आठवड्याला आम्ही बोलण्याच्या सरावाला जातो, रोज घरी तोच सराव करतो. छोटे मियाँ आता सोळा शब्द बोलतात. त्यातले चार फक्त आम्हालाच कळतात. ‘स’ अजून येत नाही. बहिणीचे नाव अर्धेच येते, पण त्या अर्ध्या नावावर ती जीव टाकते.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे पुन्हा राणीच्या बागेत गेलो. पाणघोडा पाण्यात बुडी मारून बसला होता, त्याने काही ओळख दाखवली नाही. हरणांजवळ एक मुलगा बुटक्या कुंपणावर चढला आणि रखवालदाराने शिट्टी फुंकली. छोटे मियाँ दचकले, दोन्ही हात कानांवर नेले आणि भोकाड पसरून रडू लागले. रखवालदार धावत आला, “घाबरला का हो? माफ करा,” म्हणू लागला. आम्ही त्याला काय सांगणार? मूल रडत होते आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. दादींनी डोळे पुसले, अल्हम्दुलिल्लाह म्हटले आणि त्याला सांगितले, “भाऊ, वाजव. आणखी एकदा वाजव.”

त्या दिवशी डबा पूर्ण संपला.